देणगी द्या, पण घोट गिळायलाच हवा का? सुट्टीतले ‘चॅरिटी वाईन टेस्टिंग’ आणि तुमची तब्येत

नाताळ ते नववर्ष या दिवसांत युरोप-अमेरिकेत एक कार्यक्रम ठरलेला असतो. मित्रमंडळी किंवा ऑफिसातले सहकारी जमतात, पाच-सहा प्रकारच्या वाईन चाखतात, कुठलीचा वास कसा आणि चव कशी हे लिहून एकमेकांना सांगतात आणि तिकिटातून जमलेले पैसे एखाद्या रुग्णालयाला, अन्नदानाला किंवा कर्करोगाच्या संस्थेला देतात. तिकडे नोकरीसाठी गेलेली आपली मुले-सुना अशा कार्यक्रमांना जातात आणि भेटीला आलेल्या आई-बाबांनाही सोबत नेतात. इकडे नाशिकच्या द्राक्षपट्ट्यातही डिसेंबरमधले शनिवार-रविवार टेस्टिंगच्या गर्दीचे असतात.

म्हणूनच वर्षअखेरीला ओपीडीत हा प्रश्न हमखास येतो : “डॉक्टर, चांगल्या कामासाठी आहे, दोन घोट घेतले तर चालतील ना?” विचारणाऱ्याला शुगर असते, रक्त पातळ करण्याची गोळी चालू असते किंवा स्तनाच्या कर्करोगाचे उपचार नुकतेच संपलेले असतात. प्रश्नातला ‘चांगल्या कामासाठी’ हा भाग महत्त्वाचा आहे. एरवी सरळ ‘नको’ म्हणणारा माणूस इथे अडतो. नाही म्हटले तर आपण कंजूष किंवा शिष्ट ठरू, असे त्याला वाटते.

देणगीचे पुण्य यकृतापर्यंत पोचत नाही. तिथे पोचते ते फक्त अल्कोहोल. त्यामुळे पैसे देणे, वाईन चाखणे आणि वाईन गिळणे या तीन गोष्टी वेगवेगळ्या करून पाहायला हव्यात. यातली पहिली कोणीही करू शकते. दुसरी बरेच जण करू शकतात. डॉक्टरांशी बोलून ठरवायची आहे ती तिसरी.

वाईनवर चाललेले रुग्णालय

वाईन आणि दानधर्म यांचे नाते नवे नाही आणि सगळे ढोंगही नाही. फ्रान्सच्या बर्गंडी भागात बोन नावाचे गाव आहे. तिथे १४४३ साली निकोला रोलँ या सरदाराने आणि त्याची पत्नी गिगोन द सालँ हिने गोरगरिबांसाठी रुग्णालय स्थापन केले. लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्याला द्राक्षाचे मळे दान दिले. आपल्याकडे देवस्थानाला जमीन इनाम मिळायची, तसाच हा प्रकार. आज त्या संस्थेकडे सुमारे ६० हेक्टर मळे आहेत. १८५९ पासून तिथल्या वाईनचा जाहीर लिलाव होतो, दरवर्षी नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी. जुन्या इमारतीत १९७१ पर्यंत रुग्ण ठेवले जात. आता तिथे संग्रहालय आहे आणि रुग्णालय गावात नव्या जागी चालते. लिलावाचा पैसा अजूनही त्यालाच जातो.

या लिलावात एक खास पिंप असते. त्याची सगळी रक्कम बाहेरच्या सेवाभावी संस्थांना दिली जाते. २०२२ मध्ये या एका पिंपाला ८ लाख १० हजार युरो मिळाले. पैसे मिळालेल्या संस्थांपैकी एक कर्करोग झालेल्या मुलांसाठी काम करणारी होती. त्या मुलांना मदत झाली हे खरे. त्या पिंपात जे होते ते कर्करोगाचे सिद्ध झालेले कारण आहे, हेही खरे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि एकीमुळे दुसरी पुसली जात नाही.

या लिलावातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. नोव्हेंबरमध्ये ती वाईन जेमतेम दोन महिन्यांची, कोवळी असते. पुढे वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ ती पिंपातच मुरायची असते. खरेदीदार आधी तळघरात जाऊन ती चाखतात, तोंडात घोळवतात आणि थुंकून टाकतात. नंतर बोली लावतात. म्हणजे लाखो युरोंचे दान जमते, पण त्यासाठी कोणाला प्यावे लागत नाही. पैसा बोलीतून येतो.

चाखणारे थुंकतात, ते का?

आपल्याकडच्या पाहुण्यांना हे विचित्र वाटते. महागाची वाईन थुंकायची कशी? पण ज्यांचा हा व्यवसाय आहे ते एका सकाळी पन्नास-साठ वाईन चाखतात. गिळत बसले तर दहाव्या ग्लासानंतर चव सांगायला ते शुद्धीवर राहणार नाहीत. म्हणून टेबलावर पिकदाणी ठेवलेली असते आणि तिचा वापर शिष्टाचारातच बसतो.

शरीरशास्त्र बघितले तरी गिळण्याची गरज नाही. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढ्याच मूळ चवी कळतात. ‘जांभळासारखी’, ‘ओल्या मातीसारखी’, ‘लवंगेसारखी’ असे जे वर्णन लोक लिहितात ते सगळे नाकाचे काम आहे. ग्लास हलवून हुंगल्यावर वास समोरून नाकात जातो. घोट तोंडात घेऊन थोडी हवा आत ओढली की तोच वास घशामागच्या वाटेने पुन्हा नाकात चढतो. अभिप्राय लिहायला लागणारी जवळपास सगळी माहिती तोवर मिळालेली असते. सर्दीत जेवण बेचव का लागते, त्याचे कारणही हेच.

थुंकले तर अल्कोहोल अजिबात शरीरात जात नाही असे मात्र नाही. थोडे तोंडाच्या आतल्या त्वचेतून शोषले जाते, थोडे नकळत गिळले जाते. निरोगी माणसाच्या बाबतीत हे प्रमाण फारच कमी असते. काहींसाठी मात्र तेवढेही नको, त्यांच्याबद्दल पुढे येईल. शिवाय चाखल्यावर लगेच पोलिसांच्या यंत्रात फुंकले, तर तोंडात राहिलेल्या अल्कोहोलमुळे दहा-पंधरा मिनिटे आकडा जास्त येऊ शकतो.

‘वाईन म्हणजे दारू नव्हे’?

२७ जानेवारी २०२२ रोजी महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा हे वाक्य घरोघरी पोचले. द्राक्ष उत्पादकांचे हित हा त्या वादातला एक खरा मुद्दा होता आणि त्यावर मतभेद असू शकतात. पण वैद्यकीयदृष्ट्या हे वाक्य चूक आहे, आणि ते हिशोबानेच दाखवता येते.

वाईनमध्ये साधारण १२ ते १४ टक्के अल्कोहोल असते. १५० मिलिलिटरचा ग्लास आणि १३ टक्के धरले, तर त्यात साडेएकोणीस मिलिलिटर, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल झाले. आपल्याकडच्या व्हिस्कीत ४२.८ टक्के असते. ३० मिलिलिटरच्या छोट्या पेगमध्ये त्याचे होतात सुमारे १० ग्रॅम. म्हणजे वाईनचा एक भरलेला ग्लास हा दीड पेग झाला. यकृत लेबल वाचत नाही. त्याच्यापुढे येणारा रेणू दोन्हीकडून एकच असतो.

आता टेस्टिंगचा हिशोब करू. आठ वाईन, प्रत्येकी ५० मिलिलिटर, आणि सगळ्या गिळल्या : ४०० मिलिलिटर, म्हणजे सुमारे ४० ग्रॅम अल्कोहोल. चार पेग. प्रत्येक ग्लासात ‘एवढीशीच’ दिसते, म्हणून मोजदाद राहत नाही. सर्वसाधारण माणसाचे यकृत तासाला ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल हाताळते. म्हणजे हे ४० ग्रॅम उतरायला चार ते सहा तास लागतात. कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची आंघोळ यांनी ही वेळ कमी होत नाही. भारतात गाडी चालवताना रक्तातल्या अल्कोहोलची कायदेशीर मर्यादा १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅम आहे. बारीक अंगकाठीच्या व्यक्तीत ती एका भरलेल्या ग्लासातही ओलांडली जाऊ शकते.

हृदयाला चांगली असते ना?

ही समजूत कुठून आली ते पाहण्यासारखे आहे. १९९१ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या टीव्ही कार्यक्रमात ‘फ्रेंच विरोधाभास’ दाखवला गेला. फ्रेंच लोक लोणी-चीज भरपूर खातात, तरी त्यांना हृदयविकार कमी, आणि त्याचे श्रेय कदाचित रेड वाईनला, असा सूर होता. गोष्ट सोपी होती आणि ऐकायला गोड होती, त्यामुळे जगभर पसरली.

पुढे अभ्यासांतली फट दिसू लागली. ‘अजिबात न पिणारे’ या गटात असे अनेक जण होते ज्यांनी आजारपणामुळे दारू सोडली होती. आजारी लोकांशी तुलना केली तर थोडी पिणारे निरोगी दिसणारच. शिवाय बेताने वाईन पिणारे लोक बहुधा सुस्थितीत असतात, चांगले जेवतात, डॉक्टरकडे वेळेवर जातात. फायदा त्या राहणीमानाचा आणि श्रेय ग्लासाला, असे झाले. रेस्व्हेरेट्रॉल हे नाव तुम्ही ऐकले असेल. ते लिटरभर रेड वाईनमध्ये जेमतेम काही मिलिग्रॅम असते आणि प्रयोगांत वापरलेल्या मात्रा त्याच्या कितीतरी पट मोठ्या होत्या. तेवढ्यासाठी वाईन प्यायची तर बाकीचे अल्कोहोल आधी गाठेल. (द्राक्षे खायला कोणाचीच हरकत नाही. शुगर असेल तर मोजून.)

गेल्या काही वर्षांत अधिकृत भूमिका स्पष्ट होत गेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने मद्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले ते १९८८ मध्येच. जानेवारी २०२३ मध्ये संघटनेने सांगितले की आरोग्याला सुरक्षित म्हणता येईल असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलनी मद्य आणि कर्करोग यांवर स्वतंत्र सूचनापत्र काढले. त्यात सात कर्करोग आहेत : तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांमध्ये स्तन.

घाबरवण्यासाठी नाही, पण आकडे नीट कळावेत म्हणून त्यातलाच हिशोब सांगतो. आठवड्याला एकाहून कमी पेय घेणाऱ्या १०० स्त्रियांपैकी सुमारे १७ जणींना आयुष्यात कधीतरी मद्याशी संबंधित एखादा कर्करोग होतो. रोज एक पेय घेणाऱ्यांत हा आकडा १९ आणि रोज दोन घेणाऱ्यांत २२. पुरुषांत हेच आकडे १०, ११ आणि १३ आहेत. म्हणजे एका संध्याकाळी घेतलेल्या एका घोटाने कर्करोग होतो असे नाही. पण सवय लागली तर शंभरात दोन-चार कुटुंबांच्या वाट्याला असे दुखणे येते जे टळू शकले असते. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचे आपल्याकडे तंबाखूमुळे आधीच मोठे ओझे आहे. तंबाखू आणि मद्य एकत्र आले की धोका नुसता बेरजेने वाढत नाही, त्याहून जास्त वाढतो.

म्हणूनच स्तनाच्या कर्करोगाच्या मदतीसाठी गुलाबी रिबन लावलेली वाईन विकणे मला पटत नाही. आयोजकांचा हेतू चांगला असेलही. पण तपासणी शिबिराला पैसे देताना ग्राहकाच्या हातात त्याच आजाराचे एक कारण ठेवायचे आणि त्याबद्दल अवाक्षर काढायचे नाही, हे रुग्णाशी प्रामाणिक वागणे नव्हे.

तुमची औषधे आणि तो एक घोट

रक्तातली साखर कमी करणाऱ्या ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर उपाशीपोटी घेतलेल्या वाईनने साखर एकदम उतरू शकते. कधी रात्री झोपेत, कधी दुसऱ्या दिवशी सकाळी. यातला मोठा धोका असा की साखर उतरल्याची लक्षणे आणि नशेची लक्षणे सारखीच दिसतात : घाम, थरथर, असंबद्ध बोलणे, झोक जाणे. पार्टीत लोक म्हणतात, “काकांना चढली, झोपू द्या.” खरे तर काकांची साखर उतरलेली असते आणि झोपू देणे जिवावर बेतू शकते. ग्लुकोमीटर सोबत ठेवा आणि आपल्याला मधुमेह आहे हे तिथल्या एका तरी माणसाला सांगून ठेवा. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी, विशेषतः मूत्रपिंड किंवा यकृत कमजोर असेल तर, जास्त मद्य टाळायलाच हवे.

मेट्रोनिडाझोल ही जुलाबावर किंवा दातदुखीवर सर्रास दिली जाणारी गोळी. तिच्यासोबत मद्य घेतल्यास चेहरा लाल होणे, मळमळ, उलट्या, छातीत धडधड होऊ शकते. गोळी संपल्यावरही किमान तीन दिवस थांबायला सांगितले जाते. क्षयाची औषधे आणि मेथोट्रेक्सेट यकृतावर आधीच भार टाकतात. वॉरफेरिन घेणाऱ्यांचे रक्त गोठण्याचे गणित मद्याने बिघडते. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या, उदाहरणार्थ अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम, आणि वाईन यांचे मिश्रण श्वास मंदावू शकते. ज्येष्ठांत याने पडझड होते, आणि खुब्याचे हाड मोडले की पुढचे वर्षभर घर त्यातच जाते. छातीत दुखल्यावर जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्यांचा बीपी मद्यासोबत धाडकन खाली येऊ शकतो.

दमा असेल तर वाईनमधल्या सल्फाइटमुळे काही जणांना धाप लागते. अर्धशिशीच्या अनेक रुग्णांना रेड वाईन सोसत नाही. गरोदरपणात एकही घोट नको. फॅटी लिव्हर, कावीळ, स्वादुपिंडाचा दाह यांपैकी काही झाले असेल तर उत्तर ‘नाही’ असेच आहे, कार्यक्रम कितीही चांगल्या कामाचा असो.

आणि हृदय. १९७८ मध्ये डॉ. फिलिप एटिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुट्टीत किंवा शनिवार-रविवारी जास्त प्यायल्यावर ठोके अनियमित होऊन आलेल्या रुग्णांचे वर्णन केले आणि त्याला ‘हॉलिडे हार्ट’ असे नाव दिले. एरवी धडधाकट असलेल्या माणसालाही असे होऊ शकते. आधीपासून एट्रियल फिब्रिलेशन असेल तर धोका आणखी जास्त.

घरात कोणी दारू सोडली असेल तर

वर म्हटले की निरोगी माणूस चाखून थुंकू शकतो. व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसाला हे लागू नाही. त्याच्यासाठी वास, ग्लासाचा आवाज, तोंडात आलेली चव हीच ठिणगी असते, थुंकणे हा नंतरचा भाग झाला. डायसल्फिरामच्या गोळ्या चालू असतील तर तोंडातून शोषलेले थोडेसे अल्कोहोलही तीव्र प्रतिक्रिया आणू शकते, आणि शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो.

अशा माणसाला घरचेच लोक अडचणीत आणतात. “आता वर्ष झालं की, आज गरिबांसाठी एक घे”, असे सख्खा मेहुणा म्हणतो आणि त्यात त्याला काही गैर वाटत नाही. वर्षभर ज्या बाईने नवऱ्याला सांभाळले तिला चारचौघांत दिराला किंवा भावाला गप्प करता येत नाही. म्हणून कार्यक्रमाला जायचे की नाही ते घरी, आधी ठरवा. न जाता देणगी पाठवणे हा पळपुटेपणा नव्हे. जायचेच असेल तर उशिरा जा, लवकर निघा आणि परतीची गाडी आपल्या हाताशी असू द्या. “मला डॉक्टरांनी मनाई केली आहे” एवढे वाक्य पुरते. कारण सांगायला तुम्ही बांधील नाही. घसरण झालीच तर रागवण्यात वेळ घालवू नका, दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना भेटा. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे.

आयोजकांना काय विचारायचे?

तुम्ही स्वतः सोसायटीत किंवा ऑफिसात असे काही ठरवत असाल, तर पिकदाण्या हव्यात आणि त्या कोपऱ्यात दडवलेल्या नकोत. ओतायचे माप २०-२५ मिलिलिटर पुरते. सोबत पोटभरीचे खाणे आणि पाणी ठेवा. तिकीट पिणाऱ्याला आणि न पिणाऱ्याला सारखेच असू द्या, म्हणजे न पिणारा कमी दाता ठरत नाही. वास-चवीचा खेळ वाईनवाचूनही रंगतो. कोकम, जांभळाचा रस, वेगवेगळे चहा, गावोगावचे मध घेऊन तो करून बघा. मुलेही त्यात भाग घेतात, आणि आजीचे नाक सगळ्यांत तेज निघण्याची शक्यता आहे.

ब्रिटनमध्ये २०१३ पासून ‘ड्राय जानेवारी’ चालते. महिनाभर न पिण्याचा हा उपक्रम एका मद्यविषयक सेवाभावी संस्थेने सुरू केला. पहिल्या वर्षी सुमारे चार हजार जण होते, आता लाखोंनी भाग घेतात. तिथल्या मॅकमिलन या कर्करोग संस्थेने ऑक्टोबर महिनाभर न पिण्याच्या संकल्पावर देणग्या गोळा करण्याची मोहीमही चालवली आहे. ग्लास उचलला नाही म्हणून पैसे जमतात हे तिथे सिद्ध झाले आहे. एक सावधगिरी मात्र हवी : जे रोज भरपूर पितात त्यांनी असा संकल्प करून एकदम बंद करू नये. हातपाय थरथरणे, झटके, भास होणे असे गंभीर त्रास होऊ शकतात. त्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबावे.

अशा कार्यक्रमानंतर कोणाचे ठोके अनियमित झाले, छातीत दुखले, श्वास मंद किंवा घरघरता वाटला, हाक मारूनही माणूस नीट जागा होत नसेल, तर ‘झोपून उतरेल’ म्हणून थांबू नका. त्याला कुशीवर वळवा, एकटे सोडू नका, साखर तपासता येत असेल तर तपासा आणि १०८ वर फोन करा. परदेशात असाल तर तिथला आपत्कालीन क्रमांक आणि घेत असलेल्या औषधांची यादी फोनमध्ये आधीच साठवून ठेवा.